शिरबीनला उतरवलेलं झुंबर

दुम्यात,
शनिवार, दुपार

प्रिय रावियाताई,

पाकीट हातात पडल्यावर तू ते आधी उलटंपालटं करशील आणि म्हणशील, या तहानीच्या फोनला काय धाड भरली? फोनला काही झालेलं नाही. फोनवर मी 'ताई, ऐक ना जरा' म्हटलं की तू तुझ्या मेहुण्याच्या साखरेचं विचारतेस, मग माझ्या गुडघ्याचं विचारतेस, आणि मी मूळ मुद्द्यापाशी आले की माझीच जीभ टाळ्याला चिकटते. मग मी मुळाखियाच्या पालेभाजीला फोडणी द्यायची राहिली म्हणून फोन ठेवून देते. चोवीस वर्षं माझी फोडणी राहिलेलीच आहे. म्हणून लिहायला बसले. रदवा उद्या नव्या घराचा रंग बघायला मन्सूऱ्याला येतेय, तिच्या हाती हे पाठवते. सोबत एक पुडकं आहे, फडक्यात बांधलेलं. ते आधी उघडू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू लहानपणापासून मिठाई आधी खाऊन मग जेवणारी. पण या वेळी माझं ऐक, पत्र संपेपर्यंत त्याला हात लावू नकोस.

येत्या गुरुवारी माझ्या लेकीचं, रदवाचं, सासरी जायचं सामान निघतंय. घरात पाय ठेवायला जागा नाही. गाद्या, उशा, भांड्यांची खोकी, पडदे, धुलाईयंत्र, सगळं दिवाणखान्यात रचलंय आणि तुझा मेहुणा त्यातून वाट काढत नमाजाला जातो. माझी नणंद करीमान रोज येऊन खोक्यांवरून हात फिरवते आणि म्हणते, 'वहिनी, गल्लीनं तोंडात बोट घातलं पाहिजे!' सगळं आहे ताई. नाही ती फक्त तू. रदवानं तुला परवा फोन केला तेव्हा मी शेजारीच उभी होते. पोरीनं आवाज मोठा ठेवला होता, मला प्रत्येक शब्द ऐकू आला. ती म्हणाली, 'मावशी, मला तुझ्या हातचं डब्याचं झुंबर हवंय, आणि गुरुवारी ट्रक भरताना तू हवीस.' आणि तू हसून म्हणालीस, 'बाळा, माझ्या गाठी टिकत नाहीत. आणि नवरीच्या सामानावर माझी नजर नको. लग्न झालं की मी येईन, फळं घेऊन येईन.' केवढ्या सहज म्हणालीस. पोरीनं फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

तिला झुंबराचं कुठून कळलं, असा तुला प्रश्न पडला असेल. दोष माझ्या तोंडाचा. हल्लीच्या पोरी दिवसभर फोनवर बघत असतात, जुन्या बाटलीचा दिवा करा, मोज्यांची बाहुली करा, पाच मिनिटांत घर सजवा. रदवानं तुपाचा रिकामा डबा घेतला, खिळा घेतला, हातोडी घेतली आणि माझ्या स्वच्छ फरशीवर बसून ठोकायला लागली. तिसऱ्या खिळ्याला डबा आत गेला. दुसरा डबा घेतला, तोही चेपला. तिची चिडचिड बघून मी कांदा चिरता चिरता बोलून गेले, 'अगं वेडे, आधी त्यात पाणी भर आणि बर्फ कर. आत बर्फ असला की पत्रा चेपत नाही, भोक कसं स्वच्छ पडतं बघ.' ती वर बघून म्हणाली, 'आई, तुला साधं बटण लावता येत नाही, हे तुला कसं माहीत?' आता काय सांगणार? मावशीकडून, म्हटलं. तर म्हणे, 'कोणती मावशी? रावियामावशी? तिला तर मी कधी कात्री हातात घेतलेली बघितली नाही!' ताई, तो कांदा फार तिखट होता असं मी तिला सांगितलं.

माझ्या लेकीनं तुझ्या हातात कात्री बघितलेली नाही. आणि मी बघितलंय ते काय सांगू तिला? आपल्या दोन खोल्यांच्या घरात तू एक वस्तू फुकट जाऊ दिली नाहीस. बाबांच्या फाटक्या गलाबियाच्या, त्या पायघोळ अंगरख्याच्या, पट्ट्या कापून तू विणकराकडून चटई करून आणलीस, तिच्यावर बसूनच मी गणितात नापास झाले. टायरला दोरी गुंडाळून केलेलं ते स्टूल, ज्यावरून बयूमी मासेवाला पाहुणा म्हणून आला असताना घसरून पडला. गॅसच्या सिलिंडरला तू झालरीचा फ्रॉक शिवलास तेव्हा आई म्हणाली, 'आता याचंही लग्न ठरव.' तुपाच्या डब्यातली आपली तुळस, ती गॅलरीत फुलली की गल्लीतली पोरं 'डॉक्टरीणबाईंचा बगीचा' म्हणायची, कारण बाबा औषधांच्या दुकानात कामाला होते. तू सगळ्यांना शिकवायचीस. ज्याच्या घरी जे तुटलं ते तुझ्याकडे यायचं. मला मात्र त्याची लाज वाटायची. हे तुला मी कधी सांगितलं नाही, पण तुला कळलंच असेल. शाळेच्या मैत्रिणी घरी येणार असल्या की मी सिलिंडरचा फ्रॉक काढून ठेवायचे.

आणि मग ते झुंबर. माझं लग्न दुम्यातला ठरलं, फर्निचर घडवणाऱ्यांच्या घरात, जिथे खुर्चीच्या पायावरही वेलबुट्टी कोरतात. दिवे नवरीकडून द्यायचे असतात. दिवाणखान्याचं झुंबर बाबांनी विकत घेतलं, पण झोपायच्या खोलीचं तू करणार म्हणालीस. चार महिने तू खपलीस. तुपाचा मोठा डबा पाण्यानं भरून बयूमीच्या बर्फपेटीत ठेवायला घेऊन जायचीस आणि गोठला की उचलून आणायचीस, फडक्यात गुंडाळून, कडेवर मूल घ्यावं तशी. वितळायच्या आत खिळ्यानं नक्षी पाडायची, मग पुन्हा बयूमीकडे. कितीदा घासला तरी त्या डब्याला माशांचा वास यायचा. बाबा दुकानातून रिकाम्या बाटल्या आणायचे, खोकल्याच्या तपकिरी, पोटाच्या औषधाच्या निळ्या, कसल्याशा हिरव्या. रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा बाटलीच्या कमरेला बांधून तू तो पेटवायचीस, आणि मग बाटली थंड पाण्यात. टक्क असा आवाज यायचा. मी प्रत्येक वेळी दचकायचे आणि तू हसायचीस. कडा दगडावर घासून घासून तुझ्या बोटांची सालं निघाली होती. ज्या संध्याकाळी तू ते गच्चीवरच्या खोलीत टांगून पहिल्यांदा दिवा लावलास तेव्हा भिंतीभर ठिपके उमटले, निळे, मधाळ, हिरवे, आणि आई बाहेर गेली, आणि मग बाहेरून तिची झगारीत, ती जीभ हलवत काढायची आनंदाची किलकारी, ऐकू आली, एवढी लांबलचक की खालच्या बायकांनी विचारलं कोणाला मुलगा झाला म्हणून. तू मला विचारलंस, 'आवडलं?' मी म्हटलं, 'छान आहे.' एवढंच म्हटलं मी.

सामान निघालं तो दिवस तुला आठवतोच. चार ट्रक, पुढे ढोलवाले, गल्लीच्या दोन्ही बाजूंनी बायका गॅलरीतून मोजत होत्या, किती गाद्या, किती पातेली. शेवटच्या ट्रकच्या मागच्या आडव्या दांड्याला तू झुंबर स्वतः बांधलंस. अरफाकाका, ट्रकवाले, म्हणाले, 'खोक्यात भर ना पोरी, फुटेल.' तू म्हणालीस, 'खोक्यात कोणाला दिसणार? दिसू दे ना जरा लोकांना.' चहूबाजूंनी कापसाच्या उशा, वर दोरीचे सात वेढे, आणि शेवटी ती गाठ, शेजारच्या नावाड्यानं शिकवलेली, जिनं नाव पुरातही किनाऱ्याला राहते. तू दोन्ही पाय ट्रकला टेकवून ती ओढलीस. मग खाली उतरून चपला घातल्यास आणि स्वयंपाकाला गेलीस, कारण परतणाऱ्या मंडळींसाठी बदकांत सारण भरायचं होतं. नवरीनं सामानाबरोबर जायचं नसतं, पण माझं स्वयंपाकघर मीच लावणार असा हट्ट धरून मी शेवटच्या ट्रकमध्ये बसले. काचा एकमेकींवर आपटून वाजत होत्या. तू दारातून हात हलवत होतीस, हाताला पीठ होतं.

पुढचं तुला मी सांगितलं ते असं. शिरबीनच्या अलीकडे गतिरोधक आला, ट्रक उडाला, गाठ सुटली, झुंबर रस्त्यावर पडून चक्काचूर झालं. त्याच्यावरून मागची गाडी गेली. अरफाकाकांनी काचा पायानं बाजूला केल्या. बरोबर ना? असंच सांगितलं ना मी? अगदी काचा कोणत्या बाजूला सारल्या तेसुद्धा सांगितलं.

ताई, असं काही झालं नाही.

तल्खाच्या पुलावर करीमान आमच्या ट्रकमध्ये येऊन बसली. ती दुम्यातहून आम्हाला घ्यायला आली होती, तेव्हा विशीतली, नखं रंगवलेली, तोंडात सतत च्युइंगम. तिनं मागे वळून बघितलं आणि फसकन हसली. म्हणाली, 'अगं बाई, हे काय? औषधाच्या दुकानानं लग्नाची भेट दिली वाटतं! खोकला झाला की खालून तोंड उघडायचं की काय?' मग नाक उडवून म्हणाली, 'आणि वास कसला गं येतोय?' मी पण हसले. तुझी बहीण हसली, ताई.  डोळ्यांसमोर आलं की आम्ही दुम्यातच्या गल्लीत शिरतोय, सगळी सासरची माणसं कारखान्यांच्या दारांत उभी आहेत, जन्मभर लाकडावर हात फिरवलेली, आणि शेवटच्या ट्रकवर तुपाचा डबा लोंबतोय. शिरबीनला नदीकाठच्या टपरीवर चहाला ट्रक थांबले. करीमान हात धुवायला गेली तशी मी अरफाकाकांना म्हटलं, 'काका, हे उतरवा.' ते म्हणाले, 'का?' मी म्हटलं, 'उतरवा म्हटलं ना.'

त्यांना ती गाठ सुटेना. आधी नखांनी बघितलं, मग दातांनी, मग किल्ली घालून. ट्रक चालवण्यात केस पांढरे झालेला माणूस, घामाघूम झाला. पुढच्या ट्रकचे हॉर्न वाजायला लागले. शेवटी टपरीवाल्याकडून लिंबं कापायची सुरी आणली आणि दोरी कापली. तुझी गाठ सुटली नाही, ताई. कोणालाच सुटली नाही. ती कापावी लागली. आणि झुंबराची एक काचही तडकली नव्हती. मी ते टपरीवाल्याच्या हातात दिलं, म्हटलं, ठेवा तुम्हाला. तो भाबडा माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला वाटलं काहीतरी नवस असेल. करीमान परत यायच्या आत अरफाकाकांनी विचारलं, 'पोरी, बहिणीला काय सांगणार?' मी म्हटलं, 'पडलं म्हणून सांगेन.' मरेपर्यंत त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. मेल्या माणसाला मी माझ्या पापात धरून ठेवलं.

संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा तू दारातच उभी होतीस, हातात डाव. तू 'सामान लागलं का' असं विचारलं नाहीस, 'सासू कशी वागली' असंही विचारलं नाहीस. तू विचारलंस, 'लागला का दिवा? ठिपके छतावर पडले की भिंतीवर?' तेव्हा मी ते सांगितलं. मला वाटलं तू चिडशील, ट्रकवाल्याला शिव्या घालशील, आणि दोन दिवसांत विसरून जाशील, मनात म्हटलं नवं करेल, तिला काय, हात चालतात तिचे. तू चिडली नाहीस. डाव खाली ठेवलास आणि आपल्याच हातांकडे बघितलंस, तळवे वर, मग खाली. म्हणालीस, 'मी नीट ओढली नसेल.' तेवढ्यावर मी बोलायला हवं होतं. दोन पावलांचं अंतर होतं आपल्यात. मी बदकाची तंगडी घेतली आणि खायला बसले.

आणि मग गल्लीनं आपलं काम केलं. थोरली घरात असताना धाकटीचं लग्न, आणि धाकटीच्या सामानातली नेमकी थोरलीनं बांधलेली वस्तू फुटते, म्हणजे दुसरं काय असणार! दृष्ट. बहिणीची दृष्ट. नळावर बोलले, बेकरीच्या रांगेत बोलले, आईच्या कानात येऊन बोलले. आणि आईनं, देव तिला क्षमा करो, तिनं तुलाच बोलावलं. म्हणाली, 'राविया, कागदाची बाहुली काप.' गल्लीत कोणाचीही दृष्ट काढायची असली की बाहुली तूच कापायचीस, तुझ्याइतकी सुबक कोणाला जमत नव्हती, हात-पाय-वेणी सगळं एका घडीत. तू कापलीस. आई सुई टोचत नावं घेत गेली, अमकीच्या डोळ्यातून, तमकीच्या डोळ्यातून. मी समोर बसले होते. शेवटची सुई टोचताना तिनं आवाज खाली आणला, पण खोली केवढीशी होती, आपल्याला दोघींनाही ऐकू आलं की ते तुझं नाव होतं. तू कात्री हातात घेऊन उभी होतीस. मग बाहुली तुरटीबरोबर जाळली. ताई, मी त्या धुरात बसून ठसकत होते आणि तू मला पाणी आणून दिलंस.

त्यानंतर तू कात्री घेतली नाहीस. मन्सूऱ्याच्या त्या दुकानदारानं दहा झुंबरं मागितली होती, तुला नाव लिहून पाटी लावतो म्हणाला होता, त्याला तू 'हात दुखतो' सांगितलंस. नवऱ्या मुलींच्या मेंदीला जाणं सोडलंस. बाळंतिणीला बघायला जाताना आधी लसूण पदराला बांधायला लागलीस, दुसऱ्याच्या नाही, तुझ्याच डोळ्यापासून लेकराला जपायला! रदवा झाली तेव्हा तू तिला उचललंसच नाहीस. लांबून 'माशाल्ला, माशाल्ला' म्हणत राहिलीस आणि डोळे फरशीवर. माझी सासू म्हणाली, 'तुझी बहीण जरा शिष्ट आहे.' मी म्हटलं, 'तशीच आहे ती.' बघ, तिथेही मी तुझी बाजू घेतली नाही.

अजून एक राहिलं.  टपरीवाल्यानं झुंबर टाकून दिलं नव्हतं. त्यानं ते टपरीच्या मधोमध टांगलं होतं, बल्ब घालून. तीन वर्षं मी माहेरी येताना-जाताना बसमधून ते बघितलं. म्हणजे बघायचं टाळलं. मी नेहमी नदीच्या उलट, शेताच्या बाजूला बसायचे. रदवा सव्वा महिन्याची झाली आणि तू मला दुम्यातला सोडायला आलीस, आठवतं? आपल्याला नदीकडची जागा मिळाली. शिरबीन जवळ आलं, दिवेलागण झाली होती, आणि मला लांबूनच ते निळं दिसलं. तू खिडकीशी होतीस. मी एकदम तुझ्या मांडीवर डोकं टाकलं, म्हटलं ताई, मला चक्कर येतेय, माझ्याकडे बघ, इकडे बघ. तू घाबरून माझ्या तोंडावर वाकलीस, माझे केस मागे सारलेस, कुराणातल्या आयती पुटपुटायला लागलीस. तुझ्या खांद्याच्या वरून, काचेतून, मी तुझं झुंबर पेटलेलं बघितलं. टपरीत चार-पाच माणसं चहा पीत होती आणि त्यांच्या पांढऱ्या गलाबियांवर ठिपके पडले होते. छतावर पडत होते की भिंतीवर, मला नाही सांगता येणार. माणसांवर पडत होते. तू घरी पोचेपर्यंत माझा हात सोडला नाहीस. पुढच्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि टपरी गेली. मी चौकशी केली नाही असं नाही, दोनदा उतरले, विचारलं, कोणाला काही माहीत नव्हतं.

काल मी करीमानला सगळं सांगितलं. म्हटलं, तू तसं बोलली नसतीस तर. ती खोकं बांधत होती, थांबली, खरोखर विचार करून म्हणाली, 'वहिनी, मी असं बोलले होते? मला तर आठवतही नाही.' आणि मग म्हणाली, 'मला आवडलं असेल बहुतेक. मला आवडलं की मी हसते.' चोवीस वर्षं, ताई! तिला आठवतसुद्धा नाही आणि मी त्या एका हसण्यासाठी तुझे हात घेतले. रदवाला आज सकाळी सांगितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चेपलेला डबा उचलून कचऱ्यात टाकला, हात धुतले आणि विचारलं, 'मावशीला कधी सांगणारेस? मी उद्या जातेय.' म्हणून हे पत्र. मी माफी मागत नाहीये, मागायला तोंड कुठे आहे? तू मला दारात उभी करू नकोस, माझा फोन घेऊ नकोस, मला चालेल. मी गुरुवारी ट्रक निघायच्या आधी आपल्या गल्लीत येणार आहे. तेव्हा नळावर बोललेल्या ज्या म्हाताऱ्या अजून आहेत त्यांना गॅलरीत बोलावून, खाली उभी राहून, मोठ्यानं सांगणार आहे, कोणाची दृष्ट आणि कोणाचं खोटं. त्यांनी तोंडात बोटं घालावीत. मग आपला भाऊ हिल्मी गाडी घेऊन तिथेच थांबेल. तुला यायचं असेल तर ये. नसेल तर मी एकटीच परत जाईन आणि पोरीला सांगेन की माझ्यामुळे. पण आलीस तर झुंबर नको आणू, फळं नको आणू, नुसती ये, आणि ट्रकचं सामान तू बांध, दुसऱ्या कोणाला मी दोरीला हात लावू देणार नाही. आता ते पुडकं उघड. अरफाकाकांनी त्या दिवशी दोरी कापल्यावर हा तुकडा माझ्या मांडीवर टाकला होता, म्हणाले होते, 'हे ठेव, अशी गाठ मारणारा हात पुन्हा बघायला मिळायचा नाही.' मी तो पिठाच्या डब्यामागे, नवऱ्यापासून, लेकीपासून लपवून ठेवला. दोन्ही टोकं बघ, सुरीनं कापलेली आहेत. मधली गाठ बघ. कितीतरी वेळा मी दार लावून ती सोडवायला बसले, सुटली असती तर मला वाटलं असतं की मी थोडं तरी खरं बोलले होते. नाही सुटली, ताई. तू ओढून ठेवलीस तशीच आहे.

तुझीच, आणि तुला तोंड दाखवायला घाबरणारी,
तहानी